गर्दीला दार किती रुंद हवे?

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागतो, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या घराघरांत आता लग्नाच्या मुहूर्ताइतकी पक्की झाली आहे. साडेबारापासूनच मोबाइल चार्जरला लावून ठेवलेला असतो. बैठक क्रमांक कागदावर ठळक लिहून काढलेला असतो. संकेतस्थळ आईचे नाव विचारते, म्हणून त्याचे इंग्रजी स्पेलिंग अर्जात कसे लिहिले होते यावर घरात एक छोटीशी चर्चाही होऊन जाते. एकचा ठोका पडतो, बोट बटणावर पडते आणि पडद्यावर एक चक्र फिरू लागते. ते फिरतच राहते.

पूर्वी निकाल शाळेत मिळत असे. मुले आपापल्या शाळेच्या आवारात जमत, कोणी अकराला पोचे, कोणी बाराला. ज्याला धीर नव्हता तो सकाळपासून फाटकाशी उभा, आणि ज्याला भीती होती तो संध्याकाळी मावशीला सोबत घेऊन जाई. लाखो मुलांची ही गर्दी हजारो शाळांत आणि दिवसभरात आपोआप वाटली जात होती. ही वाटणी कोणी योजून केलेली नव्हती, ती त्या जुन्या संथपणातच होती. संगणकाने निकाल घरपोच आणला हे खरेच. पण तो आणताना हजारो फाटके काढून एकच फाटक ठेवले आणि दिवसभराची गर्दी एका मिनिटात कोंबली. १६ जुलै २०२१ हा दिवस अनेकांना आठवत असेल. करोनामुळे त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागायचा होता. सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी होते. दुपारी एक वाजता निकाल जाहीर झाला आणि संकेतस्थळ जे कोसळले ते कित्येक तास उठले नाही. उत्तीर्णांचे प्रमाण त्या वर्षी जवळजवळ शंभर टक्के होते. म्हणजे ज्या दिवशी राज्यात नापास होणारे जवळपास कोणीच नव्हते, त्या दिवशी यंत्रणाच नापास झाली.

अशा वेळी कारण ठरलेले असते : ‘सर्व्हर डाउन आहे.’ एके काळी कचेरीत ‘साहेब जेवायला गेलेत’ या वाक्याचे जे स्थान होते, ते आता या वाक्याने घेतले आहे. त्याच्या पुढे प्रश्न विचारायचा नसतो. मी मात्र या यंत्रांच्या पोटात काम करून स्वतःचे पोट भरणारा माणूस आहे, त्यामुळे तो प्रश्न मला नेहमीच विचारला जातो. ‘सेकंदाला कोट्यवधी गणिते करणारे यंत्र पंधरा लाख पोरांना का घाबरते हो?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर घरात बसून समजावे इतके सोपे आहे.

आतले कोठार

कोणत्याही मोठ्या संकेतस्थळाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पुढे खिडक्या असतात, तिथे आपली विनंती घेतली जाते आणि उत्तर नीटनेटके मांडून दिले जाते. मागे एक कोठार असते. त्यात सारी मूळ नोंद असते : कोणाला किती गुण, कोणत्या गाडीत किती जागा, कोणत्या खात्यात किती रुपये. या कोठाराला डेटाबेस म्हणतात. खिडक्या हव्या तेवढ्या वाढवता येतात, कारण एक खिडकी दुसरीसारखीच असते. कोठाराचे तसे नाही. शेवटची एकच बर्थ दोघांना विकली जाऊ नये, यासाठी ‘ती गेली का’ हे ठरवणारी वही एकच असावी लागते.

खिडकीवरच्या कारकुनाला कोठारातले काही विचारायचे, तर आधी तिथपर्यंत एक तार जोडावी लागते. तिला कनेक्शन म्हणतात. ही जोडणी म्हणजे बँकेच्या लॉकरमध्ये जाण्यासारखा प्रकार आहे. रजिस्टरमध्ये सही करा, ओळख पटवा, मग कर्मचारी उठणार, त्याची किल्ली आणणार, तुमच्याबरोबर आत येणार. आत जाऊन तुम्ही एक पाटली काढता. कामाला अर्धे मिनिट लागते, सोपस्कारांना दहा मिनिटे. संगणकातही असेच होते. दोन्ही यंत्रे एकमेकांना निरोप पाठवून ‘ऐकू येते का’ याची खात्री करतात, बोलणे इतरांना कळू नये म्हणून गुप्त किल्ली ठरवतात, नाव आणि परवलीचा शब्द तपासतात. मग कोठार त्या तारेसाठी स्मृतीतली थोडी जागा आणि एक स्वतंत्र सेवक बाजूला काढते. जगभर वापरला जाणारा पोस्टग्रेस हा डेटाबेस तर प्रत्येक तारेसाठी एक आख्खी नवी प्रक्रिया सुरू करतो. एका मुलाचे गुण शोधून काढायला काही मिलिसेकंद पुरतात, म्हणजे सेकंदाचे काही हजारांश. पुष्कळदा प्रश्नापेक्षा प्रस्तावनाच लांबते.

अशा तारा किती जोडता येतात यालाही मर्यादा असते. पोस्टग्रेस मुळात १०० तारांची मुभा देऊन येतो, मायएसक्यूएल १५१ तारांची. हे आकडे वाढवता येतात, पण सेवक वाढले तरी कोठारातली जागा आणि हात तेवढेच राहतात. मर्यादा ओलांडली की पोस्टग्रेस एक निरोप देतो. त्याचे मराठी करायचे तर, ‘माफ करा, आधीच खूप गिऱ्हाइके आली आहेत’ असे होईल. यंत्राच्या मानाने फारच सौजन्य म्हणायचे. तो निरोप आपल्यापर्यंत पोचत नाही. आपल्याला दिसते ते फिरणारे चक्र.

चाळीतला एक फोन

यावरचा उपाय आपल्या माणसांना नवा नाही. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत घर चालवले, त्यांना ‘पी. पी.’ नंबर आठवत असेल. चाळीत किंवा सोसायटीत एकाच घरी फोन असे आणि तोच नंबर साऱ्या बिऱ्हाडांच्या पत्रिकांवर आणि अर्जांवर ‘पी. पी.’ म्हणून छापला जाई. फोनसाठी अर्ज केला की वर्षानुवर्षे नंबर लागत नसे, तेव्हा वीस बिऱ्हाडांचे एका फोनवर भागत होते. ते भागे, कारण प्रत्येक बिऱ्हाड दिवसभर बोलत नव्हते. फोन एकदाच जोडलेला होता. ज्याला काम असेल त्याने यायचे, थोडक्यात बोलायचे, रिसीव्हर जागेवर ठेवायचा आणि पुढच्यासाठी फोन मोकळा करायचा.

संगणकात नेमके हेच करतात आणि त्याला कनेक्शन पूलिंग म्हणतात. नदीवरच्या पुलाशी याचा संबंध नाही. हा इंग्रजी ‘पूल’ म्हणजे सामाईक साठा. सकाळीच दहा-वीस तारा जोडून ठेवायच्या. विनंती आली की त्यातली मोकळी तार द्यायची, काम झाले की तार तोडायची नाही, साठ्यात परत ठेवायची. सगळ्या तारा कामात असतील, तर येणाऱ्याला क्षणभर रांगेत थांबवायचे. लॉकरचे सोपस्कार दिवसातून एकदा, काम दिवसभर.

चाळीतल्या फोनचे नियम इथेही लागू पडतात. एखादा रिसीव्हर वाकडा ठेवून निघून गेला, की साऱ्या चाळीचा फोन बंद. प्रोग्राममध्येही कोणी तार घेऊन परत करायची विसरला, की साठ्यातली एक तार कायमची कमी होते. असे दहा विसरभोळे निघाले की साठा रिकामा, आणि मग कोठार आत निवांत बसलेले असताना बाहेर हाहाकार उडतो. म्हणून चांगल्या साठ्यात एक दक्ष शेजारी नेमलेला असतो. कोणती तार फार वेळ कोणाच्या हातात आहे यावर तो नजर ठेवतो आणि वेळ पडली तर ती काढून घेतो. अशी तयार अवजारे आज फुकट मिळतात. पोस्टग्रेससाठीचे ‘पीजीबाउन्सर’ २००७ मध्ये स्काइपच्या अभियंत्यांनी लोकांसाठी खुले केले. स्काइप ही सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली, पण तिच्या गरजेतून निघालेला हा द्वारपाल आजही हजारो संकेतस्थळांच्या दारात उभा आहे.

कोपनहेगनचा गणिती

थोड्या तारा पुष्कळांना कशा पुरतात, याचे गणित संगणकाच्या आधीचे आहे. आग्नेर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) हे डेन्मार्कचे गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करीत. किती तारा ओढल्या म्हणजे फोन करणाऱ्याला ‘लाइन बिझी’ क्वचितच ऐकावे लागेल, हा कंपनीपुढचा प्रश्न होता. तारा कमी पडल्या तर गिऱ्हाईक चिडणार, जास्त ओढल्या तर तांब्याचा खर्च अंगावर येणार. एर्लांग यांनी १९०९ मध्ये यावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ मध्ये आपली प्रसिद्ध सूत्रे मांडली. दूरध्वनीच्या वर्दळीचे माप आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यांच्या सूत्रातून निघणारे एक उदाहरण मला फार आवडते. समजा दहा गावे आहेत आणि प्रत्येक गावात सरासरीने कोणत्याही क्षणी एक माणूस फोनवर बोलत असतो. शंभरातल्या एखाद्यालाच ‘बिझी’ ऐकू यावे असे ठरवले, तर प्रत्येक गावाला स्वतःच्या पाच तारा लागतात. दहा गावांच्या मिळून पन्नास. आता याच दहा गावांनी तारा एकत्र केल्या, तर तेवढीच सोय अठरा तारांत होते. कारण एकाच्या गर्दीच्या वेळी दुसऱ्याची तार रिकामी असते. ‘एकमेकां साह्य’ हे आपण नीतीचे वचन म्हणून पाठ केले, एर्लांग यांनी ते तांब्याच्या वजनात मोजून दाखवले.

अधिक तारा, कमी काम

इथपर्यंत सगळ्यांना पटते. यापुढची गोष्ट मात्र पटायला जड जाते : साठ्यातल्या तारा वाढवल्या तर काम वाढेलच असे नाही, पुष्कळदा ते कमी होते.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या ऑनलाइन प्रवेशाचे काम पाहायला मला बोलावले होते. सकाळी दहाला अर्ज सुरू होत आणि सव्वादहाला सारे ठप्प. संस्थेने आदल्या रात्री पुढच्या खिडक्या, म्हणजे यंत्रे, चारावरून वीसवर नेली होती. खर्च भरपूर झाला होता आणि दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ सव्वादहाऐवजी दहा वाजून पाच मिनिटांनीच पडले. कारण सरळ होते. प्रत्येक यंत्र उठल्याबरोबर आपल्यापुरत्या पंचवीस तारा जोडत होते. चार यंत्रांच्या शंभर, वीस यंत्रांच्या पाचशे. मागच्या कोठारात मात्र काम करणारे गाभे होते आठ. गाभा म्हणजे संगणकाचा एकेक काम करणारा हात. आठ हात आणि पाचशे हुकूम. प्रत्येक हात एका हुकमाचे थोडे काम करी, तो अर्धवट ठेवून दुसरा हाती घेई, मग तिसरा. हातातले काम ठेवण्या-उचलण्यातच वेळ चालला होता. शिवाय एकाने कुलूप लावलेल्या वहीसाठी शंभर जण दाराशी उभे.

आम्ही नवे काही विकत घेतले नाही. साऱ्या यंत्रांच्या आणि कोठाराच्या मध्ये एकच सामाईक साठा बसवला आणि त्यात तीस तारा ठेवल्या. संस्थेचे निबंधक शेजारी बसून पाहत होते.

‘‘पाचशेच्या तीस केल्यात?’’ ते म्हणाले. ‘‘अहो साहेब, पोरं पाच हजार आहेत.’’

‘‘सर, तुमच्या फी काउंटरवर किती खिडक्या आहेत?’’

‘‘तीन.’’

‘‘आणि आत पैसे मोजणारे?’’

‘‘एकटे कॅशियर.’’ ते थांबले, मग म्हणाले, ‘‘तिघं एकदम ओरडायला लागले की ते मोजलेलं परत पहिल्यापासून मोजतात.’’

याहून चांगले स्पष्टीकरण मला देता आले नसते. त्या सकाळी अर्ज जाऊ लागले.

हा आमच्यापुरता चमत्कार नव्हता. ओरॅकल या कंपनीच्या तज्ज्ञांनी याचे एक प्रात्यक्षिक जाहीरपणे करून दाखवले आहे. त्यात बाकी काहीही न बदलता साठ्यातल्या तारा दोन हजारांवरून शंभराच्या आत आणल्या, तेव्हा उत्तराला लागणारा वेळ सुमारे शंभर मिलिसेकंदांवरून सुमारे दोनवर आला. पन्नासपट फरक, तोही कमी करून. जावा भाषेत लिहिणाऱ्यांचे आवडते ‘हिकारीसीपी’ हे अवजार मुळात दहाच तारांचा साठा ठेवते. हिकारी हा जपानी शब्द आहे, अर्थ प्रकाश.

सुटे पैसे शोधणारा माणूस

आता निकालाच्या दिवसाचे गणित मांडून पाहू. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला, तो त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे. सोप्या भाषेत तो असा : एका वेळी जितके जण आत असतात, ती संख्या म्हणजे सेकंदाला येणारे जण गुणिले प्रत्येकाने आत घालवलेला वेळ. आपल्या साठ्यात वीस तारा आहेत आणि एका मुलाचा निकाल काढायला तार २० मिलिसेकंद अडकते असे धरू. एक तार सेकंदाला पन्नास निकाल देईल, वीस तारा हजार. मिनिटाला साठ हजार. या वेगाने पावणेसोळा लाख निकाल सव्वीस-सत्तावीस मिनिटांत संपतात. फक्त वीस तारा!

आता एकच बदल करा. काही कारणाने प्रत्येक तार २० मिलिसेकंदांऐवजी दोन सेकंद अडकली. माणसाला दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. पण त्या वीस तारा आता सेकंदाला दहाच निकाल देतील आणि तेवढ्याच कामाला जवळजवळ चव्वेचाळीस तास लागतील. निकाल अर्ध्या तासात की पावणेदोन दिवसांत, याचा फैसला तारांच्या संख्येपेक्षा तार किती वेळ अडकून राहते यावर होतो.

आणि ती अडकते कशी? रेल्वेच्या खिडकीवर हा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. तिकीट हातात आले आहे, कारकून पैशांसाठी हात पुढे करून बसला आहे आणि हे गृहस्थ खिडकी न सोडता सदऱ्याचे, पँटचे, पिशवीचे एकेक कप्पे चाचपत सुटे पैसे शोधत आहेत. मागे चाळीस माणसे. पुष्कळ प्रोग्राम असेच लिहिलेले असतात. अर्ज भरायला कोठाराची तार घेतात आणि ती हातात धरूनच बँकेकडून पैसे आल्याच्या निरोपाची वाट पाहतात. विद्यार्थी वडिलांना फोन करून ‘ओटीपी आला का’ विचारतो आहे आणि तोवर कोठाराची एक मौल्यवान तार रिकामी लटकते आहे. उपाय खिडकीवरचाच : ‘बाजूला उभे राहून सुटे काढा, तोवर पुढच्याला येऊ द्या.’ तार शेवटच्या क्षणी घ्यायची, काम झाल्याबरोबर परत करायची. माझ्या अनुभवात कोसळणाऱ्या यंत्रणांचे दुखणे नवी यंत्रे आणण्यापेक्षा या एका शिस्तीने अधिक वेळा बरे झाले आहे.

मुखदर्शन

तरीही एक अडचण उरते. वीस तारा सेकंदाला हजार निकाल देतील, पण एकच्या ठोक्याला सेकंदाला वीस-पंचवीस हजार जण बटण दाबतात. त्यात चक्र फिरताना दिसले की आपण पुन्हा बटण दाबतो. पहिली विनंती आत रांगेत असतेच, दुसरी तिच्यामागे जाऊन उभी राहते. घरातले चौघे चार मोबाइलवरून तोच बैठक क्रमांक टाकतात. अधीरपणानेच गर्दी चौपट होते आणि ज्यांनी ती चौपट केली त्यांनाच ती अडवते.

या प्रश्नाचे सर्वांत शहाणे उत्तर मला पंढरपुरात दिसते. आषाढीला लाखो माणसे येतात आणि गाभारा आहे तेवढाच. तो रुंद करण्याचा विचार कोणी करत नाही. पदस्पर्श दर्शनाची बारी वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला पायावर डोके टेकायचे आहे त्याने तासन् तास बारीत उभे राहावे, ज्याला रूप डोळे भरून पाहायचे आहे त्याला लांबूनही लवकर पाहता येते. तेही जमले नाही तर नामदेव पायरीशी डोके टेकून, कळसाचे दर्शन घेऊन माणूस समाधानाने परततो. यात्राकाळात देवाचा पलंगही काढून ठेवतात आणि चोवीस तास दर्शन चालू राहते. गाभारा न वाढवता गर्दीचे जेवढे म्हणून मार्ग काढता येतील, तेवढे तिथे काढले आहेत.

संकेतस्थळांनाही हा विवेक हवा. निकाल ही मुखदर्शनाची गोष्ट आहे. तो एकदा लागला की दिवसभर बदलत नाही. मग प्रत्येकासाठी कोठार कशाला उघडायचे? आदल्या रात्रीच निकालाच्या प्रती काढून बाहेरच्या अनेक यंत्रांवर ठेवाव्यात, गाभाऱ्याला धक्का न लावता दर्शन व्हावे. अलीकडच्या वर्षांत दहावीचा निकाल एकाहून अधिक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळू लागला आहे, तो याच वाटेने. एका अर्थी ती जुनी हजारो फाटके पुन्हा उघडली जात आहेत. तिकीट काढणे, प्रवेश घेणे, पैसे पाठवणे या मात्र पदस्पर्शाच्या गोष्टी. तिथे मूळ वहीला हात लावावाच लागतो, तिथे बारी अटळ आहे आणि तीस तारांची शिस्तही.

बारीत मागे कोण राहतो?

इतका वेळ मी यंत्रांविषयी बोललो. पण बारी म्हटली की तिच्यात माणसे असतात, आणि कोण आत जातो, कोण बाहेर राहतो हा प्रश्न यंत्राचा राहत नाही. साठा भरलेला असताना आलेल्या माणसाचे काय करायचे हे कोणीतरी ठरवलेले असते. ‘अमुक सेकंद थांबव, मग परत पाठव’ असा आकडा कुठेतरी लिहिलेला असतो. ‘हिकारीसीपी’त तो मुळात तीस सेकंद आहे. पुण्या-मुंबईत वेगवान जोडणी असलेल्याची विनंती त्या तीस सेकंदांत दहा वेळा जाऊन येते. डोंगरातल्या वस्तीवर, एका टोकाला उभे राहिल्यावरच जिथे रेंज मिळते तिथल्या मुलीची ती एकदाच जाते, आणि परत येईपर्यंत तिचे लॉगिन संपलेले असते. मग सारा अर्ज पहिल्यापासून. रांगेत ती पहिली होती की शेवटची, हे कोणाला कळतही नाही.

२८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरील नागरिकांसाठी लशीची नोंदणी कोविन संकेतस्थळावर सुरू झाली. आरंभी यंत्रणा अडखळली, तरी त्या एका दिवसात सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. तांत्रिकदृष्ट्या हे मोठेच काम होते. परंतु पुढच्या आठवड्यांत लशीच्या जागा काही क्षणांत भरू लागल्या, तेव्हा ज्याच्याकडे चांगला फोन, वेगवान बोटे आणि मोकळी दुपार होती त्याला त्या मिळत गेल्या. शेतमजूर बाईला त्या दुपारी रांग कुठे लागली आहे हेसुद्धा दिसत नव्हते. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हा नियम कागदावर समान आहे. प्रत्यक्षात तो वेगाला दिलेले बक्षीस ठरतो.

हे ओळखले की उपायही सुचतात. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांसाठी १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन आरक्षणाला आधारची पडताळणी आवश्यक झाली आणि पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत दलालांना आरक्षण करण्यास मनाई झाली. वातानुकूलित डब्यांचे तत्काळ दहाला आणि बाकीचे अकराला उघडते, यातही एक गर्दी दोन भागांत वाटली जाते. अकरावीच्या प्रवेशाला तर पूर्वीपासून गुणवत्तेची यादी लागते, तिथे अर्ज पहिल्या मिनिटाला आला की शेवटच्या दिवशी याने काही बिघडत नाही. नियमच असा असला, की मिनिटामिनिटाची झुंबड उडण्याचे कारण राहत नाही. गर्दी जिथे केवळ नियमामुळे होते, तिथे यंत्रे विकत घेण्याआधी नियम बदलून पाहावा.

आणि जिथे थांबणे अटळ आहे, तिथे निदान ते सांगून थांबवावे. बँकेत टोकन हातात असले की माणूस शांत बसतो, कारण आपला नंबर हरवणार नाही हे त्याला ठाऊक असते. आपल्या पुढे किती जण आहेत, साधारण किती वेळ लागेल, मध्ये फोन बंद पडला तरी जागा राहील, एवढे पडद्यावर दिसले तर कोण पुन्हा पुन्हा बटण दाबेल? असे टोकन देणाऱ्या व्यवस्था आज सहज उपलब्ध आहेत. त्यासाठी लागते ती आपली मर्यादा कबूल करण्याची तयारी. ‘आम्ही सेकंदाला हजारच जणांना उत्तर देऊ शकतो, तुमचा नंबर चाळीस हजारावा आहे, चाळीस सेकंद थांबा’ असे म्हणणारे संकेतस्थळ मला फिरत्या चक्रापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. चाळीस सेकंद कोणीही थांबतो. किती थांबायचे हे न कळणे त्याला सोसत नाही.

म्हणून पुढच्या खेपेला ‘सर्व्हर डाउन आहे’ असे कोणी सांगितले, तर वाचकांनी साहेब जेवून येण्याची वाट पाहू नये. दोन प्रश्न विचारावेत. आत किती जणांचे काम एका वेळी होते, हे तुम्ही मोजले आहे का? आणि बाहेर थांबलेल्याला त्याचा नंबर दिला आहे का? पहिल्याचे उत्तर अभियंत्याने द्यायचे असते, दुसऱ्याचे खुर्चीवर बसलेल्याने. घरात त्या दिवशी पंधरा वर्षांचे पोर फिरत्या चक्राकडे पाहत बसलेले असते. वर्षभर अभ्यासाचा हिशेब आपण त्याच्याकडे मागत आलो, त्या एका दुपारचा हिशेब त्यालाही कोणीतरी द्यायला हवा.